जुनी सेमी-ऑटोमॅटिक बंदूक हाती घेताना

मुंबईतल्या काही जुन्या मराठी घरांत कपाटाच्या तळाशी, कॅनव्हासच्या पिशवीत गुंडाळलेली एक बंदूक अजूनही सापडते. आजोबा किंवा मामा हिवाळ्याच्या दिवसांत पहाटे निघून तळ्यांवर बदकांच्या शिकारीला जात असत आणि त्या शिकारीसाठी त्यांनी कधीतरी बेल्जियमची पाच काडतुसांची बंदूक घेतलेली असते, जिला घरात सगळे ‘रिपीटर’ म्हणत. ती पिढी गेली की बंदूक पुढच्या पिढीकडे येते आणि तिच्याबरोबर काही प्रश्नही येतात: ही ठेवता येते का, ती चालते कशी, तिच्यात कोणते काडतूस घालायचे, आणि मुंबईच्या दमट हवेत ती टिकवायची कशी. माझ्याकडे मामांची अशीच एक बंदूक आली, तेव्हा या प्रश्नांची उत्तरे मला तुकड्यातुकड्याने आणि एकदा नुकसान सोसून मिळाली. नव्याने या वाटेवर येणाऱ्याला ती एका ठिकाणी आणि योग्य क्रमाने मिळावीत, यासाठी हा लेख लिहीत आहे.

क्रम महत्त्वाचा आहे. साध्या दुनळीत काडतूस घालावे, चाप ओढावा आणि मोकळे व्हावे, असे होऊ शकते, कारण तिच्यात हलणारे भाग थोडे असतात. जुनी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढचे काडतूस स्वतःच आत घेणारी बंदूक, मात्र प्रत्येक प्रकारच्या काडतुसासाठी आतून जुळवावी लागते, आणि ती जुळणी बाहेरून दिसत नाही. म्हणून काडतुसाला हात लावण्याआधी रिकामी बंदूक नीट वाचता आली पाहिजे.

सर्वांत आधी: बदक आणि कायदा

ही बंदूक बदकांसाठी घेतली गेली होती, तरी भारतात आज तिने बदक मारता येणार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ प्रमाणे अनुसूचीतील वन्यप्राण्यांची शिकार करण्यास मनाई आहे. पूर्वी काही पक्ष्यांसाठी शिकारीचे परवाने मिळत असत, ती वाट १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तिने अनुसूचींची मांडणी बदलून दंडाच्या रकमा वाढवल्या. कायद्याच्या व्याख्येत ‘शिकार’ या शब्दात मारण्याचा प्रयत्नही येतो, त्यामुळे नेम चुकला हा बचाव होऊ शकत नाही. सामान्य गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्राणी अनुसूची १ मधला असेल किंवा गुन्हा अभयारण्याच्या हद्दीत झाला असेल, तर किमान तीन व कमाल सात वर्षांची कैद आहे. गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले शस्त्र सरकारजमा होते.

हे मी केवळ शिक्षेच्या धाकाने सांगत नाही. ठाण्याच्या खाडीत, उरणच्या पाणथळ जागांवर आणि भांडुपच्या उदंचन केंद्राजवळ हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रांग आणि भुवई बदक उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडत येतात, आणि त्यांच्या उतरण्याच्या जागा दर वर्षी भराव टाकून कमी होत आहेत. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या, यादीत आली, तरी तिच्या भोवतालच्या जागांना तेवढे संरक्षण नाही. मामांच्या पिढीने जे मुबलक पाहिले ते आता मुबलक राहिलेले नाही. येथे या बंदुकीचा उपयोग मातीच्या तबकड्यांवरील नेमबाजीपुरता आहे. बदकांच्या शिकारीतला तिचा उपयोग शिकायचा असेल, तर जिथे ती शिकार कायदेशीर आहे अशा देशात, तिथल्या परवान्यावर शिकावा. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

कागदपत्रे: बंदूक घरात असली तरी ती आपली होत नाही

परवानाधारकाचे निधन झाल्यावर त्याची बंदूक वारसाने तशीच घरात ठेवणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ चा भंग आहे. परवाना व्यक्तीच्या नावाने असतो, घराच्या नावाने नव्हे. म्हणून निधनानंतर बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी, त्याची पावती घ्यावी, आणि मग वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करावा. मुंबईत परवाना देणारे प्राधिकारी पोलीस आयुक्त आहेत. शस्त्र नियम, २०१६ मध्ये कायदेशीर वारसासाठी स्वतंत्र तरतूद आहे. मूळ परवानाधारक हयात असून त्याचे वय सत्तर झाले असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे असेल, तर त्याच्या हयातीतही वारसाला अर्ज करता येतो. इतर वारसांची ना-हरकत लागते, आणि घरात तीन-चार भावंडे असतील तर बहुतेक विलंब तिथेच होतो, म्हणून ते काम आधी उरकावे.

येथे एका बाबीकडे विशेष लक्ष द्यावे. सेमी-ऑटोमॅटिक बंदूक साध्या दुनळीच्या वर्गात मोडत नाही. नियमांच्या परिशिष्टात तिचा वर्ग निराळा आणि अधिक कडक आहे. जुन्या परवान्यांत अनेकदा फक्त ‘१२ बोअर बंदूक’ (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप) एवढीच नोंद आढळते. ती नोंद आणि हातातले शस्त्र यांत फरक असेल, तर तो आपणच पुढे होऊन परवाना शाखेच्या नजरेस आणावा आणि त्यांच्याकडून लेखी निर्णय घ्यावा. तो होईपर्यंत बंदूक विक्रेत्याकडे जमाच राहू द्यावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. नव्या अर्जदाराला शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही लागते. निवडणुकांच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश येऊ शकतो, आणि मुंबईत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्र बाळगून फिरण्यावर वेळोवेळी मनाई असते, त्यामुळे रेंजवर किंवा कारागिराकडे नेण्याआधी त्या दिवसाचे आदेश पाहावेत.

बंदूक रिकामी आहे, हे कसे ठरवावे

बंदूक हातात घेतली की ती भरलेली आहे असे समजूनच नळी सुरक्षित दिशेला ठेवावी आणि बोट चापापासून दूर, सरळ ठेवावे. चाळीत किंवा सोसायटीच्या घरात ‘सुरक्षित दिशा’ ठरवणे सोपे नसते, कारण भिंतीपलीकडे, मजल्याखाली आणि छताच्या वर माणसे राहतात. माझ्या माहितीतले एक ज्येष्ठ नेमबाज घरात बंदूक फक्त वाळूने भरलेल्या बादलीकडे नळी धरूनच उघडत. ती सवय मी उचलली आणि ती प्रत्येकाने उचलावी असे मला मनापासून वाटते.

दुनळी मोडली की दोन्ही काडतुसे डोळ्यांसमोर येतात. या बंदुकीत काडतुसे दोन ठिकाणी असतात, एक चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी जिथून ते उडते त्या जागेत, आणि बाकीची नळीखालच्या मॅगझिनमध्ये, आणि अपघात इथेच होतात. नवशिका मॅगझिन रिकामे करतो आणि चेंबरमधले विसरतो, किंवा चेंबरमधले काढतो आणि बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा पोलादी ठोकळा, पुढे जाताना मॅगझिनमधले दुसरे आत ओढले जाते. म्हणून बोल्ट पूर्ण मागे ओढून अडकवावा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे, पुरेसा उजेड नसेल तर करंगळीने चाचपावे, मग बंदूक उलटी करून खालच्या झडपेतून मॅगझिनमध्ये काडतुसाऐवजी काडतुसांना ढकलणारा तुकडा (फॉलोअर) दिसतो का ते पाहावे, आणि हे सगळे पुन्हा एकदा करावे. चाचपताना दुसरा हात बोल्ट सोडणाऱ्या बटणापासून दूर असावा, कारण बोल्टमागची स्प्रिंग बोट चेपून जखमी करण्याइतकी जोरदार असते. सेफ्टीचा खटका जुन्या नगांत चापाच्या कडीच्या आत पुढच्या बाजूस असतो, नंतरच्या नगांत चापाच्या मागे आडवा. आपल्या बंदुकीचा कोणता आहे ते रिकाम्या अवस्थेत शिकावे आणि सेफ्टी लावली म्हणून बाकीचे नियम सैल करू नयेत.

यंत्र चालते कसे

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुका एकाच रचनेच्या किंवा तिच्या वंशातल्या आहेत. अमेरिकी कारागीर जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी १८९८ च्या सुमारास ती आखली आणि १९०० मध्ये तिचे पेटंट घेतले. विंचेस्टर कंपनीशी त्यांचे जमले नाही. जानेवारी १९०२ मध्ये ते रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षांना भेटायला गेले, आणि भेटीच्या आधीच अध्यक्ष हृदयविकाराने वारले. मग ब्राउनिंग बेल्जियमला, लिएज शहराजवळच्या एर्स्ताल येथील एफएन या शस्त्रांच्या कारखान्यात गेले आणि तिथे उत्पादन सुरू झाले. ‘ऑटो-५’ या नावाने ती ओळखली गेली: चार काडतुसे मॅगझिनमध्ये, एक चेंबरमध्ये. १९०५ पासून रेमिंग्टनने तीच रचना ‘मॉडेल ११’ म्हणून अमेरिकेत काढली. १९७० च्या दशकाच्या मध्यात उत्पादन जपानच्या मिरोकू कारखान्यात गेले आणि १९९८ पर्यंत ती बनत राहिली. मागून उंच, चौकोनी कुबड असलेली पेटी, म्हणजे नळीमागचा बोल्ट सामावणारा धातूचा भाग, ही तिची खूण आहे.

हिच्या कार्यपद्धतीला ‘लाँग रिकॉइल’ म्हणतात. काडतूस उडाले की नळी आणि बोल्ट एकमेकांना जखडलेल्या अवस्थेत, दोन्ही मिळून, काडतुसाच्या लांबीपेक्षा जास्त अंतर मागे सरकतात. शेवटाला बोल्ट मागे अडकतो आणि नळी एकटी पुढे परतते. ती परतताना उडालेल्या काडतुसाचे रिकामे खोके चेंबरबाहेर राहते आणि बाजूला फेकले जाते. मग खालची झडप नवे काडतूस वर उचलते आणि बोल्ट ते घेऊन पुढे जातो. खांद्याला हा प्रवास दुहेरी धक्क्यासारखा जाणवतो, आधी मागे आणि लगेच पुढे. पहिल्यांदा चालवणाऱ्याला काहीतरी तुटले असे वाटते, पण ते तसेच असायला हवे. १९६३ मध्ये आलेल्या रेमिंग्टन ११०० सारख्या बंदुका नळीतला वायू वापरतात आणि त्यांचा धक्का मऊ असतो. त्यांच्या देखभालीची रीत निराळी आहे, त्यामुळे आपल्याकडे कोणती आहे हे आधी ओळखावे. रिकाम्या बंदुकीची नळी हाताने दाबल्यावर मागे सरकली, तर ती लाँग रिकॉइल जातीची आहे.

घर्षणाची रिंग: लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग

नळी मागे येताना तिला अडवायला मॅगझिनच्या नळकांड्यावर एक मोठी स्प्रिंग असते. पण एकटी स्प्रिंग पुरेशी नाही. तिच्या जोडीला पितळी रंगाचा एक कांस्याचा तुकडा असतो, जो नळकांड्याला आवळून ब्रेकचे काम करतो, आणि एक पोलादी रिंग असते, जिची एक कड आतून तिरपी कापलेली असते. ही रिंग कुठे बसवली आहे यावर ब्रेक किती घट्ट लागेल ते ठरते.

भारी काडतुसांसाठी क्रम असा: बंदुकीच्या पेटीकडून पुढे येताना आधी स्प्रिंग, मग पोलादी रिंग, तिची तिरपी बाजू पुढे म्हणजे कांस्याच्या तुकड्याकडे, आणि मग कांस्याचा तुकडा. धक्क्याने रिंग त्या तुकड्यावर दाबली जाते, तुकडा नळकांड्याला अधिक आवळतो आणि नळीचा वेग उतरतो. हलक्या काडतुसांसाठी पोलादी रिंग तिथून काढून स्प्रिंगच्या मागे, पेटीला लागून ठेवायची. मग ती केवळ जागा भरते, आणि एकट्या कांस्याच्या तुकड्याचा ब्रेक उरतो. मॅग्नम, म्हणजे अधिक लांब व जोरदार काडतुसांसाठी बनलेल्या, नगांत रिंगांची संख्या आणि मांडणी निराळी असते, आणि इतर कंपन्यांनी परवान्यावर काढलेल्या बंदुकांतही बारीक फरक आहेत, म्हणून आपल्या नगाच्या उत्पादकाची आकृती मिळवून तिच्याशी पडताळावे.

जुळणी चुकली तर काय होते हे मी अनुभवले आहे. पहिल्यांदा संपूर्ण साफसफाई केल्यावर मी रिंग पेटीच्या बाजूला ठेवून बंदूक जोडली आणि रेंजवर भारी काडतुसे वापरली. बंदूक सुरळीत चालत होती, किंबहुना नेहमीपेक्षा जोमाने खोकी फेकत होती, आणि मला ते चांगले लक्षण वाटले. दुसऱ्या खेपेनंतर नळीखालच्या लाकडाला, डाव्या बाजूला, केसाएवढी चीर दिसली. नळी पुरेशा ब्रेकविना मागे आपटत होती आणि तो मार पुढचे लाकूड सोसत होते. मामांनी तीस वर्षे जपलेले अक्रोडाचे लाकूड माझ्या एका चुकीने फुटले. कारागिराने आतून गोंद भरून ते वाचवले, पण चीर हाताला अजून लागते.

म्हणून फेकल्या जाणाऱ्या खोक्यांकडे पाहायला शिकावे. दोन-तीन पावलांवर पडत असतील तर जुळणी बरोबर आहे. बरीच लांब उडत असतील तर ब्रेक अपुरा आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. खोके बाहेरच पडत नसेल, दारातच चिमटले जात असेल, तर ब्रेक जास्त आहे किंवा काडतूस फार हलके आहे. पन्नास-साठ वर्षांची स्प्रिंग बदलून घेणे हा या बंदुकीवरचा सर्वांत सार्थ खर्च आहे. पेटीच्या मागच्या आतल्या भिंतीवर फायबरची एक गादी असते, ती कडक होऊन तडकली असेल तर तीही बदलावी.

तेलाचेही तसेच. मॅगझिनच्या नळकांड्यावर तेलाचा अगदी पातळ थर असावा, बोटाला चमक लागेल एवढाच. नळकांडे कोरडे असेल तर ब्रेक धरून बसतो आणि बंदूक अडकते. तेल ओघळत असेल तर ब्रेक घसरतो, आणि मग रिंग योग्य जागी असूनही नळी आपटते.

नळीवरच्या खुणा आणि काडतुसाची लांबी

बेल्जियमच्या नगांवर नळीच्या मुळाशी आणि खालच्या बाजूस चाचणीचे ठसे असतात. त्यांत एका आकृतीत १२ आणि तिच्याजवळ ६५ किंवा ७० असा आकडा मिळतो. ती चेंबरची मिलिमीटरमधली लांबी आहे. युरोपसाठी बनलेल्या जुन्या नगांत ६५ मिमीचे चेंबर सापडते, आणि १६ बोअरच्या जुन्या बंदुकांत तर ते नेहमी तपासावेच. आज बाजारात मिळणारे नेहमीचे काडतूस, खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे ‘शक्तिमान’ धरून, ७० मिमीचे असते.

येथे मोठी फसगत होते. काडतुसावर लिहिलेली लांबी उडाल्यानंतरची, तोंड उघडलेल्या खोक्याची असते. न उडालेले ७० मिमीचे काडतूस दुमडलेल्या तोंडामुळे त्याहून बरेच आखूड असते आणि ६५ मिमीच्या चेंबरमध्ये आरामात बसते. बसले म्हणजे चालेल, असे नवशिक्याला वाटते. उडताना मात्र तोंड उघडायला पुढे जागा नसते, छऱ्यांची वाट अरुंद होते आणि दाब धोकादायकरीत्या वाढतो. ठसे पुसट असतील तर परवानाधारक कारागिराकडून मापकाने चेंबर मोजून घ्यावे आणि तोवर एकही काडतूस घालू नये. ३ इंचांचे, म्हणजे ७६ मिमीचे काडतूस केवळ त्यासाठीच बनलेल्या मॅग्नम नगातच वापरावे.

नळीच्या डाव्या अंगाला छोटे तारे कोरलेले असतात. ते चोक, म्हणजे नळी तोंडाशी किती अरुंद केली आहे, ते सांगतात. एक तारा म्हणजे पूर्ण चोक, दोन तारे म्हणजे मध्यम, तीन तारे म्हणजे चोक नसलेली सरळ नळी. तारे जितके कमी, तितके छरे दूरवर एकत्र राहतात. बदकांसाठी घेतलेल्या बंदुका बहुधा एका ताऱ्याच्या असतात, आणि तबकड्यांच्या जवळच्या नेमबाजीला त्या जरा अवघड जातात.

घरात बंदुकीबरोबर जुनी कागदी खोक्यांची काडतुसे मिळाली, तर ती वापरू नयेत. मुंबईच्या हवेत कागद फुगतो, चेंबरमध्ये अडकतो, आणि आतल्या दारूचा भरवसा राहत नाही. ती कचऱ्यात न टाकता परवानाधारक विक्रेत्यामार्फत किंवा पोलीस ठाण्यात द्यावीत.

रेंजवर

वरळीची रेंज मुंबईकरांना रायफल आणि पिस्तुलाच्या सरावासाठी परिचित आहे, पण मातीच्या तबकड्यांसाठी ट्रॅप किंवा स्कीटची, म्हणजे हवेत फेकलेल्या तबकड्यांवरील नेमबाजीच्या प्रकारांची, मांडणी असलेली रेंज लागते. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी उभारलेली दिल्लीची डॉ. कर्णीसिंह रेंज हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तबकडी ११० मिमी व्यासाची असते आणि एका फेरीत २५ तबकड्या येतात. स्पर्धांत काडतुसातला छऱ्यांचा भार २४ ग्रॅमपर्यंत मर्यादित आहे, आणि एवढ्या हलक्या भाराने जुनी लाँग रिकॉइल बंदूक हलक्या जुळणीवरही पूर्ण चक्र फिरवत नाही असे वारंवार घडते. सरावाला २८ ग्रॅमपासून सुरुवात करावी.

पहिले दोन-तीन दिवस फक्त एकच काडतूस भरावे: बोल्ट मागे अडकवून ते उघड्या दारातून ठेवावे, बटण दाबून बोल्ट पुढे सोडावा आणि नेम घ्यावा. यामागे कारण आहे. ही बंदूक गोळी सुटताच स्वतःच पुन्हा भरते, म्हणजे बार झाल्याच्या क्षणी ती पुन्हा सज्ज असते, तर नवशिका त्याच क्षणी निकाल पाहण्यासाठी सैल होऊन वळतो. बार झाला, बोट चापावरून बाहेर आले, नळी होती त्याच दिशेला राहिली, ही साखळी एका काडतुसावर अंगवळणी पडली की मगच मॅगझिनला हात लावावा.

जिथे बदकांची शिकार कायदेशीर आहे तिथे

मुंबईतल्या अनेक घरांची मुले अमेरिकेत आहेत, आणि तिथे मित्राबरोबर पाणथळीवर जाण्याचा योग येतो. तिथले नियम बारकाईने पाळावेत. राज्याचा शिकार परवाना लागतो, आणि १६ वर्षे व त्यापुढील प्रत्येकाला केंद्र सरकारचा ‘डक स्टॅम्प’, जो १९३४ पासून चालत आला आहे आणि ज्याच्या पैशातून पाणथळ जागा विकत घेऊन राखल्या जातात. व्हिसावर तात्पुरते गेलेल्या परदेशी व्यक्तीला बंदूक बाळगण्यास सामान्यतः मनाई आहे, आणि वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या अपवादांपैकी एक आहे, म्हणून परवाना हातात येईपर्यंत मित्राची बंदूकही हाती घेऊ नये. स्थलांतरित पक्ष्यांसाठी बंदुकीत एकूण तीनच काडतुसे मावली पाहिजेत. त्यासाठी मॅगझिनमध्ये लाकडी किंवा प्लास्टिकची दांडी घालतात, आणि जुन्या बंदुकीत ती हरवलेली असते, ते आधी पाहावे.

१९९१ पासून तिथे पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छरे देशभर बंद आहेत. चिखलात पडलेले शिशाचे छरे बदके खडे समजून गिळतात, ते पोटातल्या गिझर्डमध्ये घासले जाऊन आम्लात विरघळतात, आणि थोड्याच छऱ्यांनी पक्षी विषबाधेने मरतो. त्याऐवजी पोलादी छरे आले, आणि जुन्या बंदुकीची खरी अडचण इथे सुरू होते. पोलाद शिशासारखे दबत नाही. घट्ट, न बदलता येणाऱ्या चोकमधून ते जाताना जुन्या नळीचे तोंड फुगते आणि आतला पृष्ठभाग खरवडला जातो. बेल्जियमच्या जुन्या नळ्यांतून पोलादी छरे अजिबात चालवू नयेत. अशा बंदुकीसाठी बिस्मथचे छरे मिळतात. ते महाग आहेत, पण नळी वाचते. जपानी बनावटीची, चोक बदलता येणारी नळी असेल तर पोलाद चालते.

पाणथळीवर बार तीस-पस्तीस मीटरच्या आत आलेल्या पक्ष्यावरच करावा. त्यापलीकडे जखमी पक्षी हाताला लागत नाही आणि वेताच्या गचपणात जाऊन मरतो, हे मला कोणत्याही चुकलेल्या नेमापेक्षा वाईट वाटते. नळी पक्ष्याच्या मागून त्याच्या पुढे न्यावी आणि चाप ओढतानाही ती फिरती ठेवावी. पाण्याच्या पातळीवर बसलेल्या पक्ष्यावर नेम धरू नये, कारण पाण्यावरून छरे उसळतात आणि समोरच्या काठावर दुसरी माणसे असू शकतात. नाव किंवा बांध ओलांडताना बंदूक पूर्ण रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून द्यावी. तोंडात चिखल गेल्याची शंका आली तरी काडतुसे काढून नळीतून आरपार पाहिल्याशिवाय पुढचा बार करू नये, कारण चिखलाच्या बोटभर गोळ्यानेही नळी फाटते.

मुंबईच्या हवेत साफसफाई

उघडण्याची रीत अशी: बंदूक रिकामी असल्याची वरच्या पद्धतीने खात्री करून बोल्ट मागे अडकवावा, दस्ता मांडीवर किंवा जाड चटईवर टेकवून नळी जराशी खाली दाबावी, म्हणजे पुढच्या टोपीवरचा ताण उतरतो, मग टोपी फिरवून काढावी आणि स्प्रिंग एकदम उसळू नये म्हणून नळी हळूहळू सोडावी. पुढचे लाकूड काढताना ते तिरपे ओढू नये, त्याच्या कडा पातळ असतात. आतले भाग ज्या क्रमाने बाहेर येतात त्याच क्रमाने जुन्या सुती कापडावर मांडावेत आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. माझी चूक त्या एका फोटोने टळली असती.

नळीतून दारूची काजळी आणि प्लास्टिकचे डाग काढण्यासाठी कांस्याचा ब्रश आणि सॉल्व्हंट वापरावे, मग कोरड्या फडक्याचे तुकडे पांढरे येईपर्यंत फिरवावेत, आणि शेवटी तेलाचा एक तुकडा. शिलाई मशीनचे हलके तेल चालते. खोबरेल किंवा कोणतेही खाद्यतेल लावू नये, ते काही महिन्यांत चिकट होऊन स्प्रिंग आणि झडपा धरून ठेवते. जुन्या बंदुका उघडल्यावर आत जो मधासारखा पिवळा थर दिसतो, तो बहुधा असल्याच तेलाचा असतो.

कॅनव्हास आणि चामड्याच्या पिशव्या ओल धरून ठेवतात, म्हणून त्या फक्त नेण्या-आणण्यासाठी वापराव्यात. बंदूक कुलूपबंद लोखंडी कपाटात, पिशवीबाहेर, तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नसाव्यात. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, त्यांचा रंग बदलला की बदलाव्यात किंवा तापवून पुन्हा वापराव्यात. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी बाहेरच्या निळ्या-काळ्या पृष्ठभागावर बोटांचे ठसे राहू देऊ नयेत, कारण घामातले मीठ आणि खारी हवा मिळून दोन दिवसांत ठशाच्या आकाराचा गंज उमटवतात. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बंदूक बाहेर काढून पुसावी, नळकांड्यावरचा तेलाचा थर बोटाने पाहावा, आणि परत ठेवण्याआधी टोपी उघडून रिंग ज्या बाजूला असायला हवी त्याच बाजूला आहे ना, हे पुन्हा एकदा पाहावे.